बेळगावात घरच्या मंडळींना घेऊन जेवायला जाण्यासाठी गॅस्ट्रोपब कसा निवडावा?

आपण विचारले आहे की, पुण्याहून बदली होऊन टिळकवाडीत राहायला आल्यावर एखाद्या शनिवारी रात्री आई-वडील, पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि येथे इंजिनिअरिंगला असलेला एकोणीस वर्षांचा भाचा अशा सर्वांना घेऊन सहज जेवायला जाता येईल, आपल्याला एखादी बिअर घेता येईल आणि शाकाहारी असलेल्या आईंना अवघडल्यासारखे होणार नाही, असा घराजवळचा गॅस्ट्रोपब कसा निवडावा. मी याच शहरात लहानाचा मोठा झालो असून आमच्या घरात पिणाऱ्यांपेक्षा न पिणारेच अधिक आहेत, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडेही नेहमीचा आहे. पिणाऱ्याची सोय बेळगावात कोठेही होते; जागा ठरवावी ती न पिणाऱ्यांकडे पाहून, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढचे सर्व त्याच अंगाने लिहीत आहे.

गॅस्ट्रोपब हा प्रकार लंडनमधला. १९९१ साली फॅरिंग्डन रोडवरचा ‘द ईगल’ हा जुना पब दोघा भागीदारांनी चालवायला घेतला, बारला लागूनच उघडे स्वयंपाकघर मांडले आणि त्या दिवशी जे शिजले असेल ते फळ्यावर लिहायला सुरुवात केली. पबचा मोकळेपणा कायम ठेवून जेवण मात्र चांगल्या रेस्टॉरंटच्या तोडीचे द्यावे, एवढीच त्यामागची कल्पना होती. आपल्याकडे दारावर ‘गॅस्ट्रोपब’ अशी पाटी लावलेल्या ठिकाणी ही अट पाळली जातेच असे नाही. उलट काँग्रेस रोड, खानापूर रोड किंवा कॅम्प भागातल्या एखाद्या साध्या ‘बार अँड रेस्टॉरंट’मध्ये ती नकळत पाळली जात असते. तेव्हा पाटीवर काय लिहिले आहे आणि भिंतीवर दिव्यांची किती रोषणाई आहे याला महत्त्व देऊ नये.

येथील ठिकाणांमधला खरा फरक परवान्याने पडतो आणि तो समजून घेतला की निवड निम्मी सोपी होते. कर्नाटकात सीएल-२ परवाना म्हणजे केवळ बाटली विकत देणारे दुकान. तेथे बसून पिण्यास परवानगी नसते. सीएल-७ हा राहण्याची सोय असलेल्या हॉटेलांचा परवाना, तर सीएल-९ हा आपण ज्याला बार अँड रेस्टॉरंट म्हणतो त्याचा. माझा अनुभव असा की, घरच्या मंडळींना घेऊन जायचे असेल तर सीएल-७ असलेल्या लॉजिंगच्या हॉटेलात अंदाज चुकण्याची शक्यता कमी असते. तेथे सकाळचा नाष्टा, मुक्कामाला आलेली कुटुंबे, दुपारची थाळी असा व्यवहार दिवसभर चालू असतो, स्वयंपाकघर केवळ चकण्यावर जगत नाही आणि लहान मूल घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे कोणी आश्चर्याने पाहत नाही. सीएल-९ मध्ये उत्तम जेवण देणारी ठिकाणे नाहीत असे मुळीच नाही, पण तेथे आधी स्वतः जाऊन पाहणे आवश्यक ठरते.

हे पाहणे शनिवारी करू नये. बुधवारी किंवा गुरुवारी रात्री साडेआठच्या सुमारास जाऊन एक सूप आणि एखादा पदार्थ मागवून बसावे. पहिली गोष्ट पाहायची ती म्हणजे आसपासच्या टेबलांवर बायका आणि मुले आहेत का. फॅमिली सेक्शन आहे असे सांगितले गेले तर तेवढ्यावर न थांबता तेथपर्यंत चालत जाऊन पाहावे. कित्येक ठिकाणी हा विभाग वरच्या मजल्यावर असतो आणि तिकडे जाणारा जिना बारच्या काउंटरला खेटूनच वर चढतो, म्हणजे आपल्या आईंना स्टुलांवर बसलेल्या मंडळींच्या पाठी चुकवत, सिगारेटच्या वासातून वर जावे लागणार. वर गेल्यावर खोली चांगली असली तरी तोपर्यंत त्यांचा चेहरा पडलेला असतो. तीस किंवा त्याहून अधिक आसने असलेल्या रेस्टॉरंटला कायद्याने धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवता येते, बाकी ठिकाणी बसून ओढण्यास मनाई आहे. हा नियम जेथे खरोखर पाळला जातो ते ठिकाण इतर बाबतींतही बहुधा नीट चालवलेले असते. आपल्या वडिलांचे गुडघे दुखत असतील तर जिन्याचा प्रश्न वेगळाच आहे.

दुसरी गोष्ट आवाजाची. साडेआठला मंद वाजणारे संगीत दहा वाजता कितीवर जाते, हे वेटरला विचारले तर तो खरे सांगतो, कारण त्रास त्यालाही होत असतो. शनिवारी लाइव्ह गाणी किंवा मोठ्या पडद्यावर क्रिकेटचा सामना असेल तर घरच्या मंडळींसोबत बोलता येणार नाही. आणि तिसरी गोष्ट स्वच्छतागृहाची: स्त्रियांसाठी वेगळे आहे का, आतून कडी लागते का आणि हात धुण्याच्या जागी साबण आहे का, हे पत्नीला किंवा बहिणीला सोबत नेऊन पाहून घ्यावे. एवढ्या एका कारणावरून आमच्या घरच्यांनी काही नामांकित ठिकाणांवर कायमची फुली मारली आहे, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

आता जेवण. मेनू कार्ड जाडजूड असेल, त्यात चायनीज, मेक्सिकन, तंदुरी, पिझ्झा आणि मालवणी असे सारे एकत्र नांदत असेल, तर तेथील बरेचसे पदार्थ फ्रीजरमधून निघून तेलात पडतात असे समजावे. त्याऐवजी आज ताजे काय आहे असे विचारल्यावर वेटर क्षणभरही न थांबता दोन-तीन नावे घेत असेल तर तेथे बसावे. बेळगावात गोवा आणि कारवारकडचे मासे येतात, त्यामुळे बांगडा किंवा सुरमई रवा लावून तळलेली चांगली मिळते आणि बिअरसोबत ती कोणत्याही परदेशी स्टार्टरपेक्षा सरस लागते. मात्र १ जून ते ३१ जुलै या काळात गोवा आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत मेनूवर सुरमई दिसली तरी ती बहुधा बर्फातली असते. त्या काळात चिकन किंवा मटणाचे सुके मागवणे शहाणपणाचे. सावजी पद्धतीचे मटण आपल्याला आवडेल, पण ते झणझणीत असते. मुलीच्या ताटात वाढण्यापूर्वी रस्सा चाखून पाहावा.

शाकाहारी आईंसाठी मात्र ‘व्हेज मिळते’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. बहुतेक बारमध्ये व्हेज म्हणजे पनीर चिली, गोबी मंचुरियन आणि व्हेज कोल्हापुरी, म्हणजे पिणाऱ्याच्या तोंडी लावण्यासाठी बनवलेले पदार्थ. त्यांवर एखाद्या सत्तरीच्या बाईचे जेवण होत नाही. जेथे ज्वारीची भाकरी, एखादी डाळ किंवा आमटी, झुणका किंवा भरली वांगी आणि साधा भात-दही मागणीप्रमाणे मिळते, ते ठिकाण आपल्या कामाचे. मी स्वतः भाकरीवरून परीक्षा करतो. भाकरी मागितल्यावर ती लगेच आली तर ती संध्याकाळी थापून डब्यात ठेवलेली असते, कडेने तडकलेली आणि मधोमध घट्ट. दहा-बारा मिनिटांनी फुगलेली, वरचा पापुद्रा सुटलेली आणि बोट लावल्यावर वाफ सोडणारी भाकरी आली तर आत तव्यापाशी कोणीतरी मन लावून उभे आहे असे खुशाल समजावे. उत्तर कर्नाटकात भाकरीला कमीपणा नाही, ती महागड्या हॉटेलातही मिळते, हे पुण्याहून आलेल्या माणसाला सुखावणारे ठरेल. व्हेज आणि नॉनव्हेजचा तवा व तेलाची कढई वेगळी आहे का, हे थेट मॅनेजरला विचारावे. या भागात लिंगायत आणि जैन कुटुंबांची संख्या मोठी असल्यामुळे असे विचारणे कोणाला खटकत नाही, आणि ज्यांच्याकडे खरोखर वेगळी सोय असते ते स्वयंपाकघर दाखवायलाही तयार होतात. श्रावणात जाणार असाल तर हे विचारणे अधिकच गरजेचे, कारण त्या महिन्यात आपल्या घरातल्या मांसाहारी मंडळींपैकीही निम्मी शाकाहारी झालेली असतील.

आपल्या भाच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दारातच खोळंबा होऊ शकतो. कर्नाटकच्या अबकारी कायद्यात मद्य देण्यासाठी किमान वय २१ आहे, तर १९६७ च्या नियमांत १८ चा उल्लेख आहे. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने सर्वत्र १८ करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला आणि विरोध होताच तो मागे घेतला. या घोळामुळे नीट चालवलेली ठिकाणे २१ धरून चालतात, आणि काही पब तर २१ खालच्यांना आतच घेत नाहीत. म्हणून शनिवारी निघण्यापूर्वी फोन करून आठ वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा सोबत असतील असे स्पष्ट सांगावे. ‘या हो, काही अडचण नाही’ असे उत्तर आले तरी टेबल फॅमिली सेक्शनमध्येच मिळेल का, हे पुन्हा विचारावे. भाच्याला मात्र आपल्या ग्लासातला घोटही देऊ नये. त्या टेबलाचा परवाना आपल्या हातात नसून मालकाच्या हातात असतो.

काही जण दुसरा मार्ग सुचवतील: गोव्याहून आणलेली बाटली घेऊन एखाद्या ओळखीच्या खानावळीत बसावे. बेळगावात हे सर्रास ऐकू येते. पण गोव्यातले मद्य परवान्याशिवाय कर्नाटकात आणणे हाच गुन्हा आहे आणि विनापरवाना खानावळीत ते पिणे हा दुसरा. आई-वडिलांना समोर बसवून हे करावे असे मला वाटत नाही.

पैशांविषयी दोनच गोष्टी. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, मद्यावर जीएसटी नाही. तेव्हा दोन्हींची बिले वेगळी मागावीत, म्हणजे एकूण रकमेवर कर लावलेला नाही हे दिसते. सेवाशुल्क बिलात आपोआप जोडण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. वेटरने मुलीसाठी कमी तिखटाचे आठवणीने करून आणले असेल तर त्याला हातात द्यावे, ते बिलात नसावे.

घराजवळचेच ठिकाण हवे, हा आपला आग्रह मला पूर्ण मान्य आहे. हायवेला काकतीच्या बाजूला जागा ऐसपैस मिळेल, पण परतीचे काय? दारू पिऊन गाडी चालवताना प्रथमच पकडले गेल्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि रक्तातली मर्यादा १०० मिलिलीटरला ३० मिलिग्रॅम एवढी कमी आहे की ‘एकच तर बिअर’ या हिशेबावर विसंबता येत नाही. टिळकवाडीतून काँग्रेस रोडवर किंवा आरपीडी चौकाच्या आसपास चालत जाता येईल असे ठिकाण असेल तर उत्तम. नाहीतर पत्नी गाडी चालवणार असतील तर गाडी न्यावी. रिक्षा रात्री दहानंतरही मिळते, पण मीटरने येत नाही, भाडे आधीच ठरवावे लागते. पहिल्या किंवा दुसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडे जाणार असाल तर गेट पडण्याची वेळ हिशेबात धरावी. भुकेल्या लहान मुलीला घेऊन गाडी जाईपर्यंत उभे राहणे काही सुखाचे नसते.

गच्चीवरची किंवा बागेतली जागा हिवाळ्याच्या सुरुवातीला सुरेख वाटते, डिसेंबर-जानेवारीत मात्र वृद्धांना गारठा लागतो आणि पावसाळ्यात पत्र्यावर पडणाऱ्या बेळगावच्या पावसात समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही. म्हणून बाहेर बसायचे ठरवले तरी आतले एखादे टेबल मिळू शकेल का, हे आधी विचारून ठेवावे.

दिवस निवडताना काही तारखा टाळाव्यात. २ ऑक्टोबरला आणि मतदानाच्या आधीच्या ४८ तासांत मद्य मिळत नाही. गणेश विसर्जनाच्या वेळीही पोलीस आयुक्तांच्या आदेशाने बार बंद ठेवले जातात, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री तर मिरवणुकांमुळे कपिलेश्वर तलावाच्या बाजूला गाडी नेणे अशक्यच असते. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री मुलीला मिरवणूकच दाखवायला न्यावे, जेवण घरी करावे. कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथील सुवर्ण विधानसौधात भरते तेव्हा शहरातली चांगली हॉटेले बाहेरच्या मंडळींनी भरून जातात, त्या दिवसांत सहा जणांचे टेबल हवे असेल तर दोन दिवस आधी फोन करावा आणि आठ वाजताची वेळ मागावी, म्हणजे नऊ-साडेनऊची गर्दी येईपर्यंत आपल्या मंडळींचे जेवण उरकत आलेले असेल.