धावण्याआधी जड स्क्वॉट मारावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : पोलीस भरतीच्या ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, तीन आठवडे उरले आहेत, जिममधल्या सोबत्याने धावण्याआधी जड स्क्वॉटचा (खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या बैठकांचा) एक सेट मारला की पाय मोकळे होतात असे सांगितले, आणि आपण तसे करून दोन मिनिटांत १०० मीटर धावलात तेव्हा पाय ओढल्यासारखे झाले व वेळही बिघडली. सोबत्याचे म्हणणे निराधार नाही आणि आपला अनुभवही खोटा नाही. गफलत झाली ती मधल्या विश्रांतीत.

जड वजन उचलल्यावर पायांत थकवा उरतो, तसाच स्नायूंचा जोर वाढवणारा एक परिणामही उरतो. स्नायू जोराने आकुंचन पावतो तेव्हा त्यातील मायोसिन या प्रथिनाला फॉस्फेट जोडला जातो आणि कॅल्शियमच्या तेवढ्याच इशाऱ्याला तंतू अधिक ताकदीने उत्तर देतात. हा रासायनिक परिणाम काही मिनिटांतच ओसरतो. उडी किंवा धाव सुधारलेली दिसते ती मात्र बहुधा त्याच्याही नंतर. म्हणूनच ब्लाझेविच आणि बाबो या संशोधकांनी २०१९ मध्ये असे मांडले की या उशिराच्या सुधारणेमागे स्नायूंचे वाढलेले तापमान, तंतूंमध्ये शिरलेले पाणी आणि मज्जासंस्थेकडून मिळणारी वाढीव चेतना यांचा हात असावा. मला हे पटते, आणि त्यातून निघणारा अर्थ फारसा लोकप्रिय नाही : ज्याला आपण स्क्वॉटची करामत समजतो, तिचा बराच भाग नीट केलेल्या वॉर्मअपनेही पदरात पडतो.

थकवा उतरलेला आणि जोर अजून शिल्लक, असा मधला काळ किती मिनिटांनी येतो हे आपल्या ताकदीवर अवलंबून असते. साइट्झ आणि हॅफ यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यात शरीराच्या वजनाच्या किमान १.७५ पट स्क्वॉट मारणाऱ्यांना अधिक फायदा दिसला, तोही पाच ते सात मिनिटांच्या विश्रांतीनंतर. त्याहून कमी ताकदीच्या खेळाडूंना आठ मिनिटे किंवा अधिक थांबावे लागले. आपले वजन ६८ किलो आणि सर्वोत्तम स्क्वॉट ९० किलो आहे, म्हणजे सुमारे १.३ पट. त्या हिशेबाने ११९ किलोपर्यंत पोहोचलेल्या माणसाची युक्ती आपण उसनी घेतली आणि वर विश्रांती घेतली दोनच मिनिटांची. पाय ओढणारच.

तरीही पडताळून पाहायचे असेल तर हाती धरलेल्या स्टॉपवॉचवर विसंबू नका. बटण दाबण्याचीच चूक सहज ०.२ सेकंदांची असते आणि आपण शोधतो आहोत तो फरक शतांश सेकंदांतला आहे. त्यापेक्षा भिंतीवर खडूने खूण करून उभी उडी मोजा. एका दिवशी वॉर्मअपनंतर आपल्या सर्वोत्तम स्क्वॉटच्या ८५ टक्के वजनाचे तीन रेप्स (सलग तीन बैठका) मारा आणि चार, आठ व बारा मिनिटांनी प्रत्येकी दोन उड्या घ्या. दुसऱ्या दिवशी तोच वॉर्मअप, त्याच वेळा, पण स्क्वॉट नाही. हा दुसरा दिवस बहुतेक जण गाळतात आणि मग उबदार झालेल्या पायांचे श्रेय बारबेलला देऊन मोकळे होतात.

ग्राउंडच्या दिवशी यातले काहीच हाताशी नसते. तिथे रॅक नाही, आपला क्रमांक कधी पुकारला जाईल याचा भरवसा नाही, आणि आधी १६०० मीटर धावावे लागले तर त्या थकव्यापुढे ही सारी मिनिटांची गणिते वाहून जातात. तिथे उड्यांचा आधार घ्यावा : गुडघे उचलून धावणे, ३० मीटरच्या दोन चढत्या वेगाच्या धावा आणि शेवटी पूर्ण जोराच्या तीन-चार उड्या. उड्यांनंतर विश्रांतीही कमी पुरते, अर्ध्या मिनिटापासून चार मिनिटांपर्यंत, त्यामुळे पुढची तुकडी सुटताना त्या घेतल्या तरी चालते.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या दोन-तीन दिवसांवर रेंगाळणाऱ्या परिणामाची. पायांच्या जड व्यायामानंतरचे दुखणे साधारण २४ ते ७२ तास टिकते आणि त्या काळात उडीची उंची घटते. तालमीतले जुने गडी शेकडो बैठका मारून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरत, तोच हा प्रकार. म्हणून वेगाच्या धावा आणि स्क्वॉट एकाच दिवशी ठेवा, आधी धावा आणि काही तासांनी वजन, म्हणजे दुसरा दिवस पूर्ण विश्रांतीला मिळतो. पहिल्या दोन आठवड्यांत असे दोन-दोन दिवस पुरेत, तीन रेप्सचे तीन सेट, आणि प्रत्येक सेटमध्ये आणखी दोन रेप्स निघतील इतका जोर राखून. या काळात नवा व्यायाम सुरू करू नका. न सरावलेल्या लंजेसनी (एक पाय पुढे टाकून मारलेल्या बैठकांनी) मांड्या जितक्या धरतात तितक्या ओळखीच्या स्क्वॉटने धरत नाहीत.

शेवटचा जड दिवस ग्राउंडच्या पाच दिवस आधी असावा. गोळाफेकीचा सराव त्यानंतरही चालू ठेवता येईल, पण दिवसाला आठ-दहा फेकींच्या वर जाऊ नका.