नागपूरहून तारकर्लीला गेलो तर हवेत गिरक्या घेणारे डॉल्फिन दिसतील का?

तारकर्लीला डॉल्फिन दिसतात, पण तुम्ही विचारताय ते नाही. कोकणच्या किनाऱ्याजवळ असतात ते हम्पबॅक डॉल्फिन. पाठ वर काढतात, श्वास घेतात आणि संथपणे खाली जातात. तेही बघण्यासारखेच आहेत. गिरक्या घेणारा मात्र स्पिनर डॉल्फिन, आणि त्याला खोल समुद्र जवळ लागतो.

माझं ऐकाल तर श्रीलंकेतल्या कल्पिटियाला जा. चेन्नईमार्गे कोलंबो, तिथून गाडीने उत्तरेला तीन-चार तास. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, बोटी सकाळी लवकर सुटतात. पासपोर्टची भानगड नको असेल तर लक्षद्वीपलाही स्पिनर आहेत, पण तिथला प्रवेश-परवाना आधी काढावा लागतो.

मी कल्पिटियालाच पाहिले. आधी लांब, बारीक चोच पाण्याबाहेर आली, मागोमाग अख्खं अंग, आणि ते स्वतःभोवती इतक्या वेगात फिरत होतं की काळसर पाठ आणि पांढरं पोट वेगळं ओळखूच येईना. मग कुशीवर आपटला, आवाज थेट बोटीपर्यंत आला. गिरकी सुरू होते पाण्याखालीच. वर येताना तो अंगाला पीळ देतो, बाहेर पडल्यावर पाण्याचा अडथळा संपतो आणि वेग वाढतो. एका उडीत सात फेरेसुद्धा होतात!

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ताडोबात वाघाभोवती जिप्सींचा गराडा पडलेला आपण बघतोच, इथे बोटींचा पडतो. खोल पाण्यातले छोटे मासे आणि स्क्विड अंधार पडल्यावर वर येतात, म्हणून स्पिनर रात्री शिकार करतात आणि दिवसा विश्रांती घेतात. आपण जातो नेमके त्यांच्या झोपेच्या वेळी. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर तर २०२१ पासून त्यांच्या ५० यार्डांच्या, म्हणजे साधारण ४५ मीटरच्या आत जायलाच बंदी आहे. म्हणून बुकिंग करतानाच विचारा, कळप दिसल्यावर बोट बाजूने हळू नेता की मधून घालता? ‘पाण्यात उतरवून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. बोट संथ, एका रेषेत चालली तर बरेचदा तेच आपणहून बोटीच्या टोकापुढे येऊन पोहतात.

उलटीची गोळी निघायच्या आधीच घ्या, मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग होत नाही. मुलं सोबत असतील तर त्यांच्या मापाचं लाईफ जॅकेट आहे का, तेही फोनवरच विचारून ठेवा.