कृती शिकण्याआधी: कर्नाटक संगीतात नव्याने येणाऱ्यांसाठी

रचनाकार त्यागराजांच्या पंचरत्न कृतींनी, म्हणजे त्यांच्या पाच प्रसिद्ध रचनांनी, सुरुवात करू नका. त्या मोठ्या आहेत, प्रत्येक चरणात स्वर आणि शब्द दोन्ही सांभाळावे लागतात. आधी मायामाळवगौळ रागातल्या सरळी वरिसा (सुरुवातीचे स्वरांचे पाठ), मग पुरंदरदासांची (१४८४–१५६४) मलहरी रागातली गीते. गीतात आलाप किंवा शब्दांचे पलटे नसतात, म्हणून सूर कुठे घसरतो ते लगेच कळते.

हिंदुस्तानी ऐकलेल्यांचा गोंधळ इथेच होतो. कर्नाटक संगीतातला 'शुद्ध रिषभ' म्हणजे आपला कोमल रिषभ, शुद्ध धैवतही कोमलच. मायामाळवगौळाचे स्वर भैरवाचे आहेत, आणि त्यांच्या तोडी रागाचे स्वर आपल्या भैरवीचे. नावावर जाऊ नका.

आदितालाचे आठ अक्षरकाल (मात्रा) हाताने मोजा: एक टाळी, करंगळी, अनामिका, मधले बोट, मग टाळी आणि हात उलटा, ही शेवटची जोडी दोनदा. वरिसा तीन काळांत म्हणताना हाताची गती बदलायची नाही, फक्त स्वर दुप्पट, चौपट होतात. नवख्यांचा हात गळ्याबरोबर धावतो, म्हणून तंबोऱ्याबरोबर संथ मेट्रोनोमही लावा.

शब्दांकडे तर फार जपून बघा. गाणे बहुधा तेलुगू, कन्नड किंवा संस्कृत असते, आणि चालीच्या ओघात शब्द भलत्याच जागी तुटतो. आधी अर्थ लावून, पदे सुटी करून वाचा, मगच गा. शेवटच्या चरणात मुद्रा, म्हणजे रचनाकाराची खूण, शोधा: 'पुरंदरविठ्ठल', 'त्यागराज', रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांची 'गुरुगुह'. तिच्यावरून रचनाकार कळतो.