नवा टेक्निशियन आपोआप त्याच्या शहराच्या टीममध्ये जाईल का?

हो, जाईल, मायक्रोसॉफ्ट एन्ट्रामध्ये (कंपनीतल्या लोकांची खाती आणि ग्रुप सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) टीमचा ग्रुप बनवताना मेंबरशिप 'डायनॅमिक युजर', म्हणजे नियमानुसार आपोआप ठरणारी, ठेवा आणि हुद्दा 'फील्ड टेक्निशियन', शहर 'नाशिक' असा नियम लिहा; बाकी शहरांचे ग्रुपही असेच बनवा. मी हेच सेटअप रोज सांभाळतो. बदली झाली की प्रोफाइलमधलं शहर बदलायचं; नाव नाशिकमधून निघून पुण्याच्या ग्रुपमध्ये जातं, बहुतेकदा काही मिनिटांत, क्वचित 24 तासही लागतात. अशा ग्रुपसाठी एन्ट्राचं पी1 हे पैसे भरून घ्यायचं लायसन्स हवं. मात्र नियम लिहिलेलं अक्षर न् अक्षर जुळवतो. कुणाच्या प्रोफाइलवर नुसतं 'टेक' असेल तर तो बाहेरच राहतो, आणि अशा ग्रुपमध्ये हाताने नाव घालता येत नाही. म्हणून आधी एचआरकडून सगळे हुद्दे एकसारखे लिहून घ्या, मगच नियम चालू करा.