वरची कवळी दरवेळी मधोमधच का तुटते?

आईंची वरची पूर्ण कवळी वर्षभरात दोनदा मधोमध तुटली, खाली त्यांचे स्वतःचे पुढचे दात शाबूत आहेत, आणि लॅबवाले म्हणतात 'या वेळी जाड करून देतो', असं तुम्ही लिहिलंय. नुसत्या जाडीनं भागणार नाही.

तुकडे हातात घेऊन चिरेचा उगम बघा. बहुतेक वेळा ती पुढच्या दोन दातांच्या मधून, वरच्या ओठाला आतून हिरडीशी जोडणाऱ्या पडद्यासारख्या शिरेसाठी ठेवलेल्या खाचेतून निघते. खाच टोकदार असेल तर सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो. शिरेला पुरेल एवढीच खोल, तळाशी गोल आणि पॉलिश केलेली खाच हवी. त्या दोन दातांत हौसेनं फट ठेवली असेल तर तीही नडते.

दुसरं कारण आतलं. हिरडीखालचं हाड झिजत जातं, टाळूचा मधला कडक भाग मात्र तसाच राहतो. मग कवळी मध्यावर टेकते, चावताना दोन्ही बाजू वर दबतात आणि जिभेकडची बाजू ताणली जाते. तार वाकवून वाकवून तुटते, तसंच हे. उपाय म्हणजे रिलाईन (कवळीला आतून नवा थर देऊन ती हिरडीवर नीट बसवणं) आणि मध्यावर आतून थोडी मोकळीक. पण ती मोकळीक घासून काढली तर नेमकी तिथेच जाडी कमी होते, हे कुणी सांगत नाही. टाळूवर साधारण 2 मिमी उरायलाच हवेत. फार जाड केली तर बोलताना अडखळायला होतं, आणि कवळी घडवताना घाईत तापवलेल्या जाड भागात मोनोमर (ज्यापासून कवळीचं प्लास्टिक, म्हणजे ॲक्रिलिक, बनतं तो द्रव) उकळून बुडबुडे राहतात. 74 अंशांवर दीड तास, मग 100 अंशांवर एक तास आणि सावकाश थंड करणं, ही नेहमीची पद्धत चांगली.

खाली खरे दात असल्यामुळे तुमच्या आईंना नवीन कवळी करताना कोबाल्ट-क्रोमियमचा टाळू घ्यावा असं माझं मत. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीतही तो वाकत नाही. मात्र धातूच्या भागाचं रिलाईन अवघड. बजेट नसेल तर हाय-इम्पॅक्ट, म्हणजे सहज न तुटणारं ॲक्रिलिक. खालच्या दातांची वरखाली झालेली पातळीही आधी सारखी करून घ्या.

सध्याची दुरुस्ती कोल्ड क्युअरनं (न तापवता घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकनं) होईल, ती मूळ ॲक्रिलिकपेक्षा कच्चीच. कडा 2-3 मिमी मोकळ्या करून, मोनोमरनं तीनेक मिनिटं ओल्या ठेवून भरायला सांगा. काचतंतू घालणार असतील तर चिरेला आडवे आणि जिभेकडच्या बाजूला. चिरेच्या दिशेनं घातले तर उपयोग शून्य. आणि घरी सुपर ग्लू लावू नका, तुकडे केसभर जरी सरकून चिकटले तरी त्यावरून केलेला साचा चुकतो.