एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) ॲडमिशन घेतलंय, डेटा ॲनालिसिससाठी एसपीएसएस शिकू की आर, ही दोन सॉफ्टवेअर आहेत त्यातलं कुठलं? स्टॅटिस्टिक्स कच्चं आहे, किती महिने लागतील?

आर शिका. फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं, कोर्स संपल्यावर लायसन्स गेलं म्हणून रडावं लागत नाही. झालं उत्तर. पण "स्टॅटिस्टिक्स कच्चं आहे" हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण माझ्या डोळ्यासमोर ज्याची माती झाली त्याचं स्टॅटिस्टिक्स एकदम पक्कं होतं.

२०१८ ची गोष्ट, मी एका जिल्ह्यात कॉन्ट्रॅक्टवर डेटा मॅनेजर होते. जुलै-ऑगस्टमध्ये डेंग्यू वाढला, लाइन लिस्टमध्ये, म्हणजे एका ओळीत एक पेशंट अशा यादीत, २१२ नावं. सप्टेंबरच्या मीटिंगसाठी ॲनालिसिस करायला बाहेरून एक सर आले, एसपीएसएसचे ट्रेनिंग घेणारे वगैरे. मी म्हटलं सर आधी तारखा बघून घेते, चार पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रांतून) चार तऱ्हेने आल्यात. तर म्हणे, मॅडम, क्लीनिंग हे ऑपरेटरचं काम, आपण ॲनालिसिस करायचं. बरं म्हटलं.

मीटिंगमध्ये स्क्रीनवर ग्राफ आला. जानेवारी ते डिसेंबर, सगळे बार जवळपास सारखे. सर सांगतायत की इथे डेंग्यूला सीझन दिसत नाही, वर्षभर चालूच असतो, म्हणजे हा उद्रेक म्हणता येणार नाही. साहेब लोक माना डोलावतायत. मागून एका आरोग्यसेवकाने हळूच विचारलं, "सर, दिवाळी अजून व्हायचीय, मग दिवाळीनंतरचे पेशंट कसे आले?"

नोव्हेंबर आणि डिसेंबरचे बार. सप्टेंबरात!

झालं असं होतं की ज्या लॅपटॉपवर एंट्री झाली त्याची सेटिंग अमेरिकन, आधी महिना मग दिवस. ५ ऑगस्ट म्हणून ०५/०८ टाकलं की एक्सेलने घेतलं ८ मे. १ ऑगस्टचा पेशंट ८ जानेवारीला, १२ ऑगस्टचा ८ डिसेंबरला. जुलैचे सगळे असेच ७ तारखेला. म्हणजे दर महिन्याच्या ७ आणि ८ ला पेशंट, बाकी महिनाभर कोणी आजारीच पडलं नाही! आणि १३ तारखेपासून पुढचे? तेरावा महिना नसतो, म्हणून ते मजकूर म्हणून पडून राहिले आणि एसपीएसएसमध्ये गेल्यावर मिसिंग. टेबलखाली स्पष्ट लिहिलं होतं, व्हॅलिड ८३, मिसिंग १२९. कोणी वाचलंच नाही. एक्सेलमध्ये नुसता कॉलम रुंद करून बघितला असता तरी कळलं असतं, खरी तारीख सेलच्या उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे.

तर पहिला महिना पी व्हॅल्यूच्या, म्हणजे चाचण्यांमधून निघणाऱ्या आकड्याच्या, नादी लागू नका. फाइल उघडली की प्रत्येक कॉलमची फ्रिक्वेन्सी (कोणती किंमत किती वेळा आली) काढा, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत बघा, तारखा २०१८-०८-०५ अशा वर्ष आधी ठेवून टाइप करायला लावा. वय ९९९ दिसलं तर ते आजोबा नाहीत, 'माहिती नाही' याचा कोड आहे. सरावाला एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) चा डेटा घ्या, त्यात हिमोग्लोबिन ११२ म्हणजे ११.२. रिपोर्टमध्ये १५ ते ४९ वयाच्या बायकांमधला ॲनिमिया देशात ५७ टक्के आहे, तुमचा आकडा जुळला नाही तर बहुतेक वेट, म्हणजे सर्वेक्षणातल्या प्रत्येकीला द्यायचं वजन, लावायचे राहिलेत. हा एक आकडा स्वतः जुळवलात की अर्धा कोर्स झाला असं समजा. महिने मला विचारू नका, मी अजून शिकतेच आहे.

आर का, तर स्क्रिप्ट राहते, कोणी कुठे काय केलं ते ओळीओळीने दाखवता येतं. एसपीएसएसमध्येही पेस्ट बटण दाबून सिंटॅक्स, म्हणजे दिलेल्या कमांड, ठेवता येतो हे मान्य, पण दाबतं कोण? आणि हो, तुमच्या गाइडला फक्त एसपीएसएस येत असेल तर थिसिस त्यातच करा, उगाच वाकड्यात शिरू नका. दिवस-महिन्याचा क्रम चुकीचा सांगितला तर तारीख आरमध्येही तशीच उलटते, तिथेही बघावंच लागतं, हे आधी सांगायला हवं होतं.

त्या मीटिंगचे मिनिट्स माझ्याकडे अजून आहेत. "आलेखात किरकोळ तांत्रिक त्रुटी आढळली, डेटा ऑपरेटरला समज देण्यात आली." किरकोळ. १२९ पेशंट.