खरं बोलल्याबद्दल माफी का मागायची?

प्रिय ताई,

मी घरात सगळ्यांत मोठी. जे मनात तेच ओठांवर, हा माझा स्वभाव. मागून एक आणि तोंडावर एक असं मला जमत नाही. माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या काही वर्षांत तीन नोकऱ्या सोडल्या. आता साठवलेले पैसे घालून ती चित्रकलेचे वर्ग काढणार आहे. दोन महिन्यांपूर्वी सगळे जमलो असताना ती फोनवर जागेचे फोटो दाखवत होती. तिचे सासू-सासरेही होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "तू आजवर एकही गोष्ट शेवटाला नेलेली नाहीस. हेही सहा महिन्यांत गुंडाळशील." तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि नंतर कोणाशी फारसं बोललीच नाही. तेव्हापासून माझ्या मेसेजला 'हो', 'बरं' एवढंच उत्तर येतं. ती शिकवते छान, ते मी नाकारत नाही. गेली चार वर्षं दर रविवारी शेजारच्या मुलांना शिकवतेय. पण छंद वेगळा आणि व्यवसाय वेगळा. ऑफिसात मी जपून बोलते, वरिष्ठांना त्यांच्या चुका दाखवून उपयोग नसतो. निदान घरात तरी मोकळेपणाने बोलता यायला हवं ना? आई म्हणते, माफी माग. पण मी खोटं काय बोलले? वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतायत.

– एक स्पष्टवक्ती

प्रिय मैत्रिणी,

खरं बोलल्याबद्दल माफी मागू नका. तुमच्या बहिणीला काळजीपोटी खरं सांगणारं कोणीतरी हवंच आहे, आणि ते काम बहुधा तुम्हीच करू शकता. पण तुम्ही विचारलंत, "मी खोटं काय बोलले?" म्हणून तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात खरं फार थोडं आहे.

तीन नोकऱ्या सोडल्या, हे खरं. पण तुम्ही ते म्हणालाच नाहीत. तुम्ही म्हणालात, "एकही गोष्ट शेवटाला नेलेली नाहीस." आणि त्याच पत्रात तुम्हीच लिहिता की ती चार वर्षं दर रविवारी मुलांना शिकवते आहे. चार वर्षं एखादं काम न चुकता करणाऱ्या माणसाला चिकाटी नाही असं कसं म्हणायचं? तेही नेमक्या त्याच कामात, ज्याचा ती आता व्यवसाय करू पाहते आहे! "सहा महिन्यांत गुंडाळशील" हे तर निव्वळ भाकीत. म्हणजे एक वाक्य चुकीचं आणि दुसरं तुमची भीती. जे खरं होतं, ते यात कुठेच नव्हतं: "सगळी साठवण एकाच ठिकाणी घालते आहेस, याची मला धास्ती वाटते."

फटकळ बोलण्यात हे नेहमी होतं. 'नेहमी', 'कधीच', 'एकही' असे शब्द जिभेवर आयते असतात. एका प्रसंगाबद्दल बोलायचं असतं आणि आपण माणसाच्या अख्ख्या आयुष्याचा निकाल लावून मोकळे होतो. वर समाधान असं की आपण प्रामाणिक आहोत. प्रामाणिक माणसाला नेमकं बोलावं लागतं, आणि त्यासाठी क्षणभर थांबावं लागतं.

आता तुमच्या ऑफिसबद्दल. वरिष्ठांशी तुम्ही जपून बोलता, वेळ बघता, शब्द निवडता. म्हणजे ते तुम्हाला उत्तम जमतं. मग "माझा स्वभावच असा आहे" हे कारण टिकत नाही. जो उलट काही करू शकत नाही, किंवा प्रेमापोटी करणार नाही, त्याच्यासमोरच तुमचा स्वभाव उफाळून येतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुम्ही स्पष्टपणाची कदर करता म्हणून लिहिते. घरात मोकळेपणा हवा, अगदी मान्य. पण तो दोन्ही बाजूंनी लागतो. सासू-सासऱ्यांच्या देखत तुमच्या बहिणीला उलट बोलण्याची काय मोकळीक होती? "ताई, असं नको बोलूस" एवढं म्हणायलाही तिच्याकडे जागा नव्हती. म्हणून तिने फोन पर्समध्ये ठेवला. तो फोटो मोठा करून तिला कुणाला काहीतरी दाखवायचं असेल, मुलं कुठे बसतील, उजेड कुठून येतो. ते राहिलं.

कटू सत्य सांगणं हा ज्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्या डॉक्टरांचं बघा. रुग्णाला वाईट बातमी कशी सांगावी यासाठी 2000 साली अमेरिका आणि कॅनडातल्या काही डॉक्टरांनी 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. पहिली पायरी, निवांत, आडोशाची जागा बघून बसणं. दुसरी, रुग्णाला आधीच काय ठाऊक आहे हे विचारणं. तिसरी, त्याला किती जाणून घ्यायचं आहे हे विचारणं. प्रत्यक्ष बातमी येते चौथ्या पायरीवर. मग त्याच्या भावना सावरणं आणि शेवटी पुढे काय करायचं ते ठरवणं. यात सत्य कुठेही पातळ केलेलं नाही. आजार आहे तर आजार आहे असंच सांगायचं असतं. पण ऐकणारा ते पेलू शकेल याची तजवीज सांगणाऱ्याने करायची असते.

तुम्ही थेट चौथ्या पायरीवर उडी मारलीत. तिला आधीच काय ठाऊक आहे, हे विचारलंच नाही. मला तर वाटतं, तीन नोकऱ्या सुटल्याचं ओझं तिच्या मनावर तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त असेल. हे तिन्ही राजीनामे तिने स्वतः लिहिले आहेत. जे ती रात्री स्वतःला ऐकवत असेल, तेच तुम्ही चारचौघांत मोठ्याने म्हणालात. त्यातून तिला नवीन काही कळलं नाही. मोठ्या बहिणीलाही आपल्याबद्दल तसंच वाटतं, एवढं मात्र कळलं.

आणि असं बोलून माणूस सुधारतो का? अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1996 साली, कामाबद्दल दिलेल्या अभिप्रायाचा परिणाम काय होतो यावर तोवर झालेल्या संशोधनाचे 600 हून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा काम उलट बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण मला फार पटतं. ऐकणाऱ्याचं लक्ष कामावरून उडून 'मी कशी आहे, माझी लायकी काय' इकडे वळलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होत जातो. "पहिल्या वर्षी मुलं कमी आली तर भाडं कसं भरशील?" हा प्रश्न कामाबद्दलचा आहे. कितीही कठीण असला तरी त्याला उत्तर देता येतं, कागद घेऊन बसता येतं. "तू शेवटाला नेत नाहीस" याला काय उत्तर देणार? त्यावर फक्त गप्प बसता येतं.

तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र माझ्या मनातून जात नाही. "ती शिकवते छान, ते मी नाकारत नाही." हे तुम्ही मला लिहिलंत. तिला कधी सांगितलंत? 'जे मनात तेच ओठांवर' असेल तर हेही ओठांवर यायला हवं होतं, कारण मनात तर ते आहेच. मी अनेक स्पष्टवक्त्या माणसांना जवळून पाहिलं आहे. दोष दिसला की लगेच बोलतात, गुण दिसला की "त्यात काय सांगायचं" म्हणून गप्प बसतात. मग समोरच्यापर्यंत पोचतं ते अर्धंच. तुमच्या बहिणीला आज तुमचं तिच्याबद्दलचं जे मत माहीत आहे, ते तुमचं पूर्ण मत नाही. या अर्थाने तुम्ही तिच्याशी पुरेसं खरं बोललेलाच नाहीत.

पण म्हणून आता दुसऱ्या टोकाला जाऊ नका. "यापुढे मी काही बोलणारच नाही, गोड गोड बोलेन" असं रुसून ठरवणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं. साठवलेले पैसे घालताना चार अडचणीचे प्रश्न विचारणारी बहीण असणं ही तिच्यासाठी मोठीच गोष्ट आहे.

माफीबद्दल. मेसेज करू नका, फोन करा, किंवा ती एकटी असताना भेटा. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे वाक्य कृपा करून वापरू नका. त्यात दोष तिच्या वाईट वाटण्याला लागतो. असं काहीतरी म्हणा: "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं. एकही गोष्ट शेवटाला नेत नाहीस म्हणाले, ते खरंही नव्हतं. चार वर्षं तू मुलांना शिकवतेयस, आणि छान शिकवतेस. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं." आणि इथेच थांबा. 'पण' म्हणून पैशांचा विषय त्याच दमात काढलात तर आधीचं सगळं वाया जाईल.

अपमान चारचौघांत झाला, तेव्हा त्यातलं थोडं चारचौघांतच दुरुस्त व्हायला हवं. पुढच्या वेळी तिचे सासू-सासरे समोर असतील तेव्हा तिच्या शिकवण्याबद्दल तुम्हाला जे चांगलं वाटतं ते सहज बोला. समारंभ करू नका. एक वाक्य पुरे.

पैशांची काळजी तुमच्या मनात राहीलच आणि ती बोललीही पाहिजे. काही दिवस जाऊ द्या, मग विचारा: "मला एक-दोन शंका आहेत, ऐकायला आवडेल का?" ती "आत्ता नको" म्हणाली तर थांबा. "हो" म्हणाली तर मात्र काही राखून ठेवू नका. भाडं, फी, मुलं न आल्यास किती महिने तग धरता येईल, सगळं विचारा आणि तिची उत्तरं संपेपर्यंत ऐका. कदाचित तिने या सगळ्याचा विचार तुमच्या आधीच करून ठेवला असेल.

माफी मागितली म्हणून ती लगेच पूर्वीसारखी बोलायला लागेल असं समजू नका. दोन महिने तिने हे मनात वागवलं आहे. पहिल्या फोनवर फक्त "ठीक आहे" म्हणाली तर "अजून किती ताणणार?" असं विचारायचा मोह होईल, तो आवरा. वर्ग सुरू व्हायला अजून अवकाश आहे. त्याआधी जागा लावायला, सामान हलवायला हात लागतीलच. मी येऊ का, एवढं विचारून ठेवा.

– तुमची ताई